घरी बांधलेले विमान व आपले कर्तव्य

(अमरावती येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या दिवाळीनंतर अकोल्याचे एक ज्ञातिबंधू आमच्याकडे आले होते. त्यांचा आय.टी.आय. झालेला मुलगा दोन वर्षांपासून घरामागच्या शेडमध्ये एकासनी विमान बांधीत आहे. त्यांनी आम्हास एकच प्रश्न केला, "याला अडवू, की पैसे देऊ?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आमचे आजचे भाषण होय.

त्या पित्याची भीती निराधार नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे, वेल्डिंगचे काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने स्वतः बांधलेले हेलिकॉप्टर जमिनीवर चालवून पाहिले. शेपटीकडील पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि तो आघात त्याच्या डोक्यावर झाला. जेमतेम आठवीपर्यंत शिकलेल्या मुलाने मोटारीचे इंजिन बसवून असे यंत्र उभे करावे, ही बुद्धी सामान्य नव्हे. ती बुद्धी गेली याचे दुःख वऱ्हाडातील प्रत्येक कारागिराने आपले मानले पाहिजे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्यापूर्वीचे त्यांचे दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोचले नव्हते. त्यांच्या कुटुंबाने दागिने मोडले, घर गहाण टाकले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान क्रेनने खाली उतरवून मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथे ते जमिनीवरून उचलले गेले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षे लोटली. हा विलंब कोणासही जाचक वाटेल, आणि त्यातील पुष्कळसा जाचक होताही. तथापि दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपले काम तपासून घेणे, हा जो त्यातला गाभा, तो मात्र कधीही टाकाऊ नव्हे.

राईट बंधूंचीच गोष्ट घ्या. ते सायकली दुरुस्त करणारे व बनविणारे. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांसारखेच हाताने काम करणारे. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेस अवघे बारा सेकंद, सुमारे छत्तीस मीटर उडाले. त्याचा सांगाडा लाकडी होता आणि पंखांवर सुती कापड ताणलेले होते. म्हणजे सुताराचे लाकूड आणि आपल्या काळ्या मातीत पिकणारा कापूस, यांच्या बळावर मनुष्य प्रथम इंजिनाच्या विमानातून उडाला. परंतु त्या बारा सेकंदांच्या मागे काय होते? १९०० पासून ओळीने तीन वर्षे बिनइंजिनाची ग्लायडरे उडवून पाहणे, आणि १९०१ मध्ये लाकडी पेटीत वाऱ्याचा झोत सोडून सुमारे दोनशे आकारांच्या चिमुकल्या पंखांची मोजमापे घेणे. धाडस शेवटी आले, मोजमाप आधी झाले.

आता अकोल्याच्या शेडकडे वळू. आम्ही जाताना आमच्या ऐंशी वर्षांच्या काकांना सोबत नेले. त्यांची हयात बैलबंड्या करण्यात गेली. विमानाचे काम सुबक होते. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे जोड पाहून आम्हास अभिमान वाटला. इंजिन व पंखा आसनाच्या मागे होता. मुलाने मोठ्या उत्साहाने सांगितले की, मूळचे इंजिन काढून त्याने अधिक शक्तीचे, अर्थातच अधिक वजनाचे, इंजिन बसविले आहे. काकांनी विमानाभोवती एक फेरी घातली आणि ते म्हणाले, "बापू, हे बंडी मांगं उलाळन."

मुलगा हसला. पण बंडी मागे उलाळली की जू वर उचलले जाते व बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या बोलण्याचा अर्थ कळेल. विमानाचेही तसेच आहे. बहुतेक लहान विमानांत सगळ्या भाराचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात पडावा लागतो. तो फार मागे गेला तर नाक वर उचलते, वेग मंदावतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळते. जमिनीलगत ते सावरण्यास उंचीच उरलेली नसते.

आम्ही धान्याच्या व्यापाऱ्याकडून तीन काटे आणले, तिन्ही चाकांखाली ठेवले आणि मुलाला आसनावर बसविले. प्रत्येक काट्यावरील वजनास नाकापासूनच्या अंतराने गुणून, बेरजेस एकूण वजनाने भागले. गुरुत्वमध्य मर्यादेच्या चांगलाच मागे निघाला. बॅटरी पुढे नेली, पेट्रोलची टाकी हलविली, तरी पुरेना. अखेर नवे इंजिन उतरवावे लागले. चार महिन्यांची मेहनत व वडिलांचे पैसे गेले. मुलगा आठवडाभर शेडकडे फिरकला नाही. नंतर त्याने आपण होऊन जुने इंजिन परत बसविले आणि पुन्हा काटे मागवून घेतले. त्या दिवशी आमची काळजी निम्मी उतरली.

बंधुभगिनींनो, अमेरिकेत १९५३ साली घरी विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांनी एक संघटना स्थापन केली. आज तिचा पसारा मोठा आहे. पण तिची एक साधी रीत आम्हास फार मोलाची वाटते. अनुभवी सभासद नवख्याच्या घरी जातो आणि विनामूल्य त्याचे काम पाहून चुका दाखवितो. हे काम आपल्या मंडळासही करता येणार नाही काय? आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, यंत्रशाळांचे मालक आहेत, आणि बंडीचा तोल नुसत्या नजरेने ओळखणारे वृद्ध आहेत. गुणवंतांना आपण दरवर्षी शाल व नारळ देतो. त्यासोबत आपली नजरही द्यावी, अशी आमची विनंती आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान आता वऱ्हाडातील मुलांच्या डोक्यावरून जाते, आणि ज्याच्या हातात पाना आहे त्याला ते करून पाहावेसे वाटणारच. ही इच्छा दडपली तर ती शेडचे दार लावून एकटीच काम करील. आणि एकटेपणातच धोका अधिक.

म्हणून त्या पित्यास आमचे उत्तर असे: अडवू नका. पैसे द्या, पण तपासणीचे पैसे आधी द्या. ज्ञातीतील जाणत्यांना शेडमध्ये बोलवा. आणि सरकारी परवाना हाती येईपर्यंत चाके जमिनीवरून सुटणार नाहीत, असे मुलाकडून वचन घ्या. ते विमान अद्याप उडालेले नाही. ज्या दिवशी ते रीतसर उडेल, त्या दिवशी काकांना धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसविण्याचे आम्ही कबूल केले आहे.