मेसच्या ताटाचं गणित



महाविद्यालयाच्या आवारात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे मुलांना डाएट चार्ट देता का?" चार्ट देते. पण वसतिगृहातलं मूल दोन्ही वेळा मेसमध्ये जेवतं. तिथल्या पातेल्यात जे शिजेल तेच त्याच्या ताटात येणार. सकाळी बदाम, अकराला फळ, चारला पनीर असा कागद त्याच्या हातात ठेवला, तर तो घडी घालून वहीत जातो आणि तिथेच राहतो. म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग केबिनबाहेर चालतो. मेसचालकाशी, मावशींशी, रेक्टरशी आणि वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांशी बोलण्यात तो जातो. आज मी त्याच भागाविषयी बोलणार आहे.

आपल्या प्रांतात शिक्षण आणि जेवण हे प्रश्न पूर्वी वेगळे मानले जात नव्हते. माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्या पिढ्या आपल्याला माहीत आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली, आणि मुलांच्या जेवणाची तोंडमिळवणी होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खेड्यातून पुण्यात येणाऱ्या मुलांसाठी अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहायक समिती उभी केली. या माणसांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. मुलाच्या जेवणाची सोय लागली नाही, तर त्याचं शिक्षण मधेच तुटतं. आज जेवणाचा तो भाग आपण ठेक्यावर सोपवून दिला आहे. ठेका ठरताना दर पाहिला जातो, ताट पाहिलं जात नाही.

ते ताट आपण पाहू. चार चपात्या, एक भाजी, भात, वरण. भाजी बहुधा बटाटा, कोबी किंवा वांगं-बटाटा. वरण पातळ, म्हणजे वाटीभर वरणात कोरडी डाळ दहा-पंधरा ग्रॅम. तुरीच्या 100 ग्रॅम डाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, त्या हिशेबाने वाटीतून दोन-तीन ग्रॅम मिळाली. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला सुमारे 41 ग्रॅम प्रथिनं लागतात. चार चपात्यांतून दहा-बारा ग्रॅम येतात, भातातून थोडी. दोन्ही वेळचं जेवण, सकाळचे पोहे आणि चहा धरला, तरी बेरीज चाळिशीला टेकताना दम लागतो. आणि ही बेरीज दोन्ही वेळा पोटभर जेवणाऱ्या मुलीची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत दिवसाच्या ऊर्जेतला धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. मेसच्या ताटात तो त्याच्या कितीतरी पुढे जातो.

यावरचे उपाय आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहेत. वरण दाट करा. आठवड्यातून चार दिवस मटकी, हरभरा, चवळी, मसूर यांची उसळ करा. प्रत्येक टेबलावर शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी ठेवा. शेंगदाण्यात वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकी प्रथिनं असतात. खाणाऱ्यांसाठी अंडं. चटणीचा खर्च मेसचालकाला परवडतो. तो हिशेब मी त्याच्याबरोबर बसून केला आहे. मेसचालकाला दोष देणं सोपं आहे, पण गॅस, तेल आणि भाड्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर असतं. त्याला न परवडणारा सल्ला महिनाभरही टिकत नाही.

आता रक्ताविषयी. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलींची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, फक्त ती त्या नावाने येत नाही. "मॅडम, वाचायला बसलं की झोप येते." "जिना चढला की धडधडतं." "केस गळतात." तपासणी केली की हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात. मुलींमध्ये ते 12 च्या खाली गेलं तर त्याला पंडुरोग म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत, देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्क्यांना पंडुरोग होता. शंभरातल्या एकोणसाठ. अभ्यासात मन लागत नाही म्हणून ज्या मुलीला आपण आळशी ठरवतो, तिच्या मेंदूला प्राणवायू पुरतो का, हे कुणीच तपासलेलं नसतं.

तरुण मुलीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी शरीर जेमतेम दहावा हिस्सा घेतं, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यात आपण जेवणाला लागूनच चहा घेतो, आणि चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, इतका एकच बदल मी आधी सुचवते. त्याला एक पैसा लागत नाही. दुसरा बदल लिंबाचा. ताटात लिंबाची फोड आली, हिवाळ्यात पेरू किंवा आवळा आला, की क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं. थंडीत आठवड्यातून दोनदा बाजरीची भाकरी व्हावी. मात्र हिमोग्लोबिन खूप उतरलं असेल तर भाकरी आणि लिंबू पुरत नाहीत. तिथे डॉक्टर आणि गोळ्या लागतात, आणि मी तसं स्पष्ट सांगते. शाळेत असताना मुलींना दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. घर सोडून महाविद्यालयात आल्यावर ती सहसा सुटते. हा खंड भरून काढायला हवा.

मुलांच्या बाबतीत दुसरं टोक दिसतं. सडपातळ मुलगा म्हणतो, "मला काय होणार आहे?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापलं. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या शरीरांत एवढा फरक असतो. हे छायाचित्र मी मुलांना दाखवते, कारण व्याख्यानापेक्षा ते लवकर पटतं.

एका गोष्टीबद्दल पालकांनी सावध राहावं. काही मुली, आणि आता मुलंही, जेवण टाळू लागतात. गुरुवार, सोमवार, चतुर्थी असे उपवास वाढत जातात. मैत्रिणींबरोबर मेसला जाणं बंद होतं. आरशासमोरचा वेळ वाढतो. अशा मुलीला मी पहिल्या भेटीत वजनकाट्यावर उभी करत नाही. तिच्या वजनाची स्तुती किंवा चेष्टा घरातल्या कुणी केली होती का, हे आधी ऐकते आणि समुपदेशकाला सोबत घेते. "जेवलीस का?" असं रोज फोनवर विचारणाऱ्या आईला मी सांगते, की काही दिवस "आज कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारा. त्या उत्तरातून पुष्कळ कळतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये आवारातल्या जंक फूडवर बंदी घालण्याचं परिपत्रक काढलं. हेतू चांगला. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खिसा रिकामा असतो, आणि प्रॅक्टिकल दोनपर्यंत चाललं की जेवणाची वेळ टळून गेलेली असते. त्या मुलापुढे वडापाव आणि मॅगीशिवाय काय उरतं? काही मुलं खाड्याचे पैसे परत मिळावेत म्हणून जेवण सोडतात. त्या पैशांत परीक्षेचा अर्ज भरतात. स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या, एकवेळची मेस लावलेल्या मुलांना मी बंदीची भाषा कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून संस्थाचालकांकडे माझी मागणी साधी आहे. मेस समितीत आहारतज्ज्ञाला मताचा अधिकार द्या. ठेक्यात दराबरोबर डाळीचं वजन लिहा. दुपारी बारा ते दोनच्या मधे प्रत्येक वर्गाला अर्धा तास मोकळा ठेवा. रविवारी संध्याकाळी खिचडी आणि ताक तरी मिळू द्या. वर्षातून एकदा सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासा. आणि पालकांनो, येत्या जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा खोली, पंखा आणि वायफाय पाहून झाल्यावर मेसमध्ये जाऊन एक वेळ जेवा, आणि वाटीतलं वरण चमच्याने ढवळून पाहा.