नोकरदाराची कालवड

(देवणी येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



देवणीचे नाव घेतले की प्रथम आठवतो तो इथला गोवंश. दुधाला आणि ओढकामाला सारखाच उपयुक्त. शेतकरी अडचणीत बैल विकी, पण घरची कालवड शक्यतो राखी. कारण उद्याचे गोधन तिच्यापासूनच वाढायचे. आज आपली मुले लातूर, पुणे, हैदराबादला नोकऱ्या करतात. त्यांची कालवड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. तिचे काय होते, हाच आजचा विषय आहे.

१९५२ च्या कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. कालांतराने कर्मचारी व मालक यांचा वाटा प्रत्येकी १२ टक्के झाला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन योजनेत जाऊ लागली. योजनेचे सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. वेतन १५,००० रुपये आणि सेवा १४ वर्षे धरली, तर दरमहा ३,००० रुपये होतात. रक्कम फार नाही, हे खरेच. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. ते ७,५०० करावे म्हणून वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनी पुढे आंदोलने केली. एवढ्या पैशांत औषधपाणीही भागत नाही, ही त्यांची व्यथा रास्तच आहे.

परंतु ही अल्प रक्कमसुद्धा अनेकजण आपल्या हाताने गमावतात. दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू? मी स्वतः त्यांतलाच एक. पहिल्या वृत्तपत्रात आठ वर्षे काम केले. नोकरी सोडताना निधीबरोबर निवृत्तिवेतनाचे पैसेही काढून घेतले. घराच्या दुरुस्तीत ते संपले. पुढच्या नोकरीत योजनेखालील सेवा सातच वर्षांची झाली. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले असते, तर आठ अधिक सात, पंधरा वर्षे जुळली असती. दोष ना सरकारचा, ना मालकाचा. दोष माझ्या उतावीळपणाचा.

सरकारी सेवेतही आता जुना निर्धास्तपणा राहिलेला नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना अंशदान योजना लागू झाली. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आणि आपला शेतमजूर, टपरीवाला? त्याच्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. वयाच्या १८ ते ४० वर्षांत नाव नोंदवले, तर साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी.

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. आपण घरोघरी जातोच. पुढच्या वेळी चहा घेताना एवढे विचारा: निधीचे खाते जुन्या नोकरीतून नव्या नोकरीत वर्ग केले का? वारस नोंदवला का? भगिनींनाही सांगणे आहे की, पतीच्या खात्याचा क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवा. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाला, तर पत्नीला निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. पण कागद सापडले नाहीत, तर तो हक्क मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

आईवडिलांना सांभाळणे हा आपला संस्कार आहे, आणि तो राहीलच. परंतु औषधाच्या चिठ्ठीसाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, ही वडिलांची इच्छाही तितकीच मानाची आहे. दुष्काळातही आपल्या वाडवडिलांनी कालवड राखली. आपणही ती राखू या.