ठेव कुठे आहे, तेही पाहा

उन्हाळ कांद्याची पट्टी हातात आली की देवळ्यातल्या घराघरांत विचार सुरू होतो: पैसा ठेवायचा कुठे? आणि बुडणार तर नाही ना?

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या देवळा आणि सटाणा शाखांत तुमची दोन खाती असली, तरी हिशेब एकत्रच होतो. बँक वेगळी असेल तर मर्यादाही वेगळी. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत. हे मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण अनेकांना दोन्ही सारख्याच वाटतात. टक्काभर जास्त व्याजासाठी आयुष्याची कमाई तिथे एकगठ्ठा घालू नका.

 

म्युच्युअल फंडाला असा विमा नाही. त्याचं मूल्य बाजाराबरोबर खाली-वर होतं, म्हणून खरिपाच्या बियाण्याचे पैसे त्यात नकोत. कोणी दरमहा हमखास परताव्याचं सांगू लागला, तर त्याचा सेबी या बाजार नियामक संस्थेकडचा नोंदणी क्रमांक मागा. तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.