टेंगूळ उतरलं तरी लक्ष ठेवा
(मंदिरातील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



महाप्रसादाआधी दहा मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकच विषय घेतो: पडणं आणि डोक्याला लागणं. इंग्लंडची थंडी सुरू झाली. बाहेर पायऱ्या ओल्या, आत चपला काढल्यावर पायात नुसते मोजे आणि गुळगुळीत फरशी. पडायला निमित्त लागत नाही.

पडल्यावर आपण टेंगळावर बर्फ लावतो आणि म्हणतो, "मुलांना सांगू नका, उगाच घाबरतील." पण टेंगूळ केवढं आहे यावरून आत काय झालं ते कळत नाही.

वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो. सुकलेल्या नारळात गोटा सुटतो ना, तसं समजा. मग मेंदू आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि साध्या धक्क्यानेही फाटू शकतात. वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका अधिक.

लगेच ९९९ला फोन कधी करायचा? माणूस शुद्धीवर येत नसेल किंवा डोळे उघडे ठेवता येत नसतील, फिट आली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं, चालणं किंवा दिसणं बिघडलं, कानातून रक्त किंवा कान-नाकातून पाण्यासारखं काही आलं, तर.

क्षणभर शुद्ध गेली होती, उलटी झाली, डोकेदुखी गोळीने थांबत नाही, काही आठवत नाही, वागणं बदललं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर त्याच दिवशी ए अँड ईमध्ये जा. "एवढ्याशासाठी कुठे ताटकळत बसायचं" असं म्हणू नका. शंका असेल तर १११ला विचारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नका. आणि नेहमीची रक्ताची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका.

आता खरी फसवी गोष्ट. काही वेळा रक्त थेंबाथेंबाने साचतं. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत असतो, कधी स्कॅनही चांगला येतो. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, डोकं जड होतं, चालताना तोल एका बाजूला जातो, हातातली वाटी निसटते, दिवसा गुंगी येते. रोजची आरती पाठ असलेल्या आजी मध्येच अडखळतात. घरचे म्हणतात, "वय झालं." तोवर पडल्याची आठवणही कुणाला नसते. याला सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. हा म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. वेळेवर कळलं, तर गरजेप्रमाणे कवटीला लहान छिद्र पाडून साचलेलं रक्त काढता येतं, आणि पुष्कळ जण चांगले सुधारतात.

म्हणून दोन कामं करा. पडलात की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला लिहून ठेवा आणि घरात एकाला तरी सांगा. पुढचे तीन महिने काही वेगळं वाटलं, तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

मुला-सुनांसाठी एक सांगतो. इस्पितळात आजी गप्प बसल्या, तर तिथल्यांना वाटू शकतं की त्यांना इंग्रजी येत नसेल. त्या एरवी कशा बोलतात, कशा चालतात, हे तुम्हीच ठाम सांगायचं. "ही त्यांची नेहमीची स्थिती नाही," एवढं वाक्य फार उपयोगी पडतं. गोळ्यांची यादी सोबत न्या.

आपल्यातले काही जण एकटे राहतात. त्यांना कुणाला सांगायचं, हाच प्रश्न असतो. माझी कळकळीची विनंती आहे: पडलेल्या सभासदाला रोज एक मराठीतून फोन करणारे स्वयंसेवक हवे आहेत. पाच मिनिटं पुरतात. बोलणं नेहमीसारखं आहे का, एवढंच ऐकायचं. ज्यांना जमेल त्यांनी आज कार्यालयात नाव नोंदवावं. आणि जे एकटे आहेत, त्यांनी संकोच न करता आपलंही नाव द्यावं.

देव आपणा सर्वांना सांभाळो.