तोच चारा, पण एकाला मानवतो, दुसऱ्याला नाही. असं का?

आजचा विषय गाईच्या पोटातला. आपण गव्हाणीत वैरण टाकतो आणि म्हणतो, गाय खाते. पण खरं बघायला गेलं तर आधी खातात ते कोठीपोटातले जीवाणू. कडब्यातला तंतुमय भाग गाईला स्वतःला पचवता येत नाही. हे जीवाणू तो आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा या आम्लांतूनच मिळतो. पुढे हेच जीवाणू आतड्यात जाऊन पचतात, म्हणजे प्रथिनंही तेच पुरवतात.

आता जीवाणू बदलले तर काय होतं, याचं एक उत्तम उदाहरण आपल्या ओळखीच्या झाडाचं आहे. सुबाभूळ! मूळची मेक्सिकोकडची. आपल्याकडे उरुळीकांचनच्या बायफनं तिचा खूप प्रसार केला. पाल्यात प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं एक विषारी द्रव्यही असतं. कोठीपोटात त्याचं डीएचपी नावाच्या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होतं आणि ते थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या जनावरांना हाच पाला भरपूर खाऊन त्रास व्हायचा. केस गळायचे, गलगंड व्हायचा, वजन वाढायचं नाही. गंमत म्हणजे हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत! रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, फरक जनावरात आहे की त्याच्या पोटातल्या जीवाणूंत? 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांना दिले. ती जनावरं डीएचपी पचवू लागली. शिवाय एकत्र चरणाऱ्या कळपात हे जीवाणू एकाकडून दुसऱ्याकडे पसरले. 1992 मध्ये त्यातल्या एका जीवाणूला नाव मिळालं, सिनर्जिस्टीस जोन्सी. जोन्स यांच्याच नावावरून! पुढच्या संशोधनात असंही दिसलं की विष निकामी करण्यात जनावराच्या यकृताचाही वाटा असतो. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या जीवाणूला देता येत नाही.

बरं, यातून आपल्या गोठ्यासाठी काय घ्यायचं?

पहिलं म्हणजे, चारा एका दिवसात बदलू नका. कडब्यावरून हिरव्यावर जाताना किंवा आंबोण वाढवताना दोन ते तीन आठवडे घ्या. नव्या चाऱ्याला जमणारे जीवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. एकदम भरपूर भरडा घातला, तर आम्ल तयार करणारे जीवाणू भराभर वाढतात, तंतू पचवणारे मागे पडतात, आणि जनावर खाणंच सोडतं.

दुसरं, सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा आणि कडबा किंवा गवतात मिसळून द्या. सुरुवात मूठभरानं करा. केस गळताना दिसले, तर पाला बंद करून पशुवैद्यकांना दाखवा.

तिसरं, गाय वजन धरत नसेल तर लगेच महागडी पेंड आणायला धावू नका. आधी विचारा, गेल्या महिन्यात चाऱ्यात काय बदललं? पुष्कळदा उत्तर तिथंच सापडतं, आणि पेंडीचे पैसे वाचतात.

तुमच्याकडे सुबाभूळ कशी देतात, किती देतात, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.