देहाचे देणे
(मंडळाच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अड्यारला राहणाऱ्या आम्हां चारपाच मराठी कुटुंबांनी गेले वर्षभर कॅथलिक धर्मातील देहविषयक शिकवणुकीचे वाचन केले. हे कोठून सुचले, असे पुष्कळांनी विचारले. उत्तर नदीकाठीच आहे. अड्यार नदीजवळ, सैदापेठेत, चिन्नमलै नावाची लहानशी टेकडी आहे. येशूचा शिष्य संत थॉमस तेथील गुहेत राहत असे, अशी परंपरा आहे. तिची सत्यासत्यता इतिहासकारांनी पाहावी. आम्हांला थांबविले ते त्या शिष्याच्या कथेने. गुरू मरणातून उठले, हे त्याने ऐकीव गोष्टीवर मानले नाही. जखमांना हात लावल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा हट्ट. येशू समोर आले तेव्हा त्यांच्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. मृत्यूला जिंकलेला देह, आणि तरी व्रण पुसलेले नाहीत! येथे आमच्या कित्येक बैठका अडून राहिल्या.

आपल्या मनात देहाविषयी दोन सूर लहानपणापासून घुमत असतात. एक म्हणतो, देह नाशवंत, त्याचा लोभ नको. दुसरा एकनाथांचा; त्यांनी कायेतच पंढरी पाहिली. कॅथलिक विचार या दुसऱ्या सुराशी जवळीक सांगतो, पण तेथेच थांबत नाही. देह हे आत्म्याने पांघरलेले वस्त्र नव्हे. देह आणि आत्मा मिळूनच माणूस, असे तो मानतो. मराठीलाही हा विचार परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान त्यांनी आपल्या ओवीत गायिले.

आमच्या काळात या विचाराची सविस्तर मांडणी पोप जॉन पॉल दुसरे यांनी केली. सप्टेंबर 1979 ते नोव्हेंबर 1984 या काळात बुधवारच्या जाहीर सभांतून त्यांनी 129 भाषणे दिली. मध्येच, 13 मे 1981 रोजी, अशाच एका बुधवारी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देहाविषयी बोलणारा स्वतःच जखमी होऊन पडला. बरा झाल्यावर त्याने तोच विषय पुढे चालविला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: देह ही देणगी आहे आणि तिचा अर्थ देण्यातच उलगडतो. दुसऱ्याकडे उपभोगाची वस्तू म्हणून पाहिले की लज्जा जन्मते; आणि स्वतःचे मोल त्याच नजरेने ठरविले की मनुष्य आपल्याच देहाचा वैरी होतो.

सारेच आम्हांला पटले असे नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, त्यांचा वारसा मानणाऱ्या घरांतून आलेल्यांना संततिनियमनावरील चर्चची बंदी मानवली नाही. तो वाद आम्ही मिटविला नाही, तसाच ठेवला.

आमच्यातील एका भगिनीचे स्तनाच्या कर्करोगामुळे ऑपरेशन झाले होते. त्यानंतर त्यांनी हळदीकुंकवाला येणे सोडले. आरशावर टॉवेल टाकलेला असे. थॉमसची कथा वाचली त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीस एवढेच म्हणाल्या, “व्रण लपवायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” आता ऑपरेशनच्या भीतीने खचलेली एखादी बाई ओळखीतून कळली, की त्या तिच्याकडे जाऊन बसतात. उपदेश करीत नाहीत. हात हातात घेतात. आपल्या अड्यारचेच कर्करोग रुग्णालय पाहा. बहीण कर्करोगाने गेली, ते दुःख मनात धरून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी ते 1954 साली उभे केले. सुरुवात अवघ्या 12 खाटांची. डॉ. व्ही. शांता 1955 मध्ये तेथे रुजू झाल्या आणि 2021 मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या. यांपैकी कोणी पोपची भाषणे वाचली होती असे आम्ही म्हणत नाही.

आता थोडे घरचे. “नाकीडोळी नीटस आहे, पण रंग जरा सावळाच,” हे वाक्य आपल्या मुली पाळण्यापासून ऐकतात. घर पुण्यात असो वा मद्रासेत. अशा मुलीने स्वतःला मोकळ्या मनाने कोणास द्यावे कसे? आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचक वहीत अजूनही ‘वर्ण’ हा रकाना आहे, आणि शिक्षणाच्या रकान्याआधी तो येतो. कार्यकारिणीच्या पुढील सभेत तो वगळण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक म्हणून वर उल्लेखिलेल्या भगिनींनी सही केली आहे. आणखी सह्यांसाठी कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.