नाच तिचा, चित्रफीत कुणाची?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण मुली आणि मोबाइल या विषयावर बोला, असा निरोप आला तेव्हा त्यासोबत आणखी एक वाक्य होतं : "मुलींना जरा सावध करा." ते काम करायला घरात आई, वडील, भाऊ, मामा, आत्या एवढी माणसं आहेत. मी आज मुलींच्या करमणुकीबद्दल बोलणार आहे.

सिंहगड रस्त्याकडच्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथली एक एकोणीस वर्षांची मुलगी घ्या. सकाळी कॉलेज, दुपारनंतर कपड्यांच्या दुकानात काम. रात्री दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपले, की ही कानाला हेडफोन लावून रील्स बघते. २०१६ साली जिओ आलं आणि डेटा वस्तीला परवडू लागला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा पोरी इन्स्टाग्रामवर गेल्या. ही मुलगी लावणी शिकली ती अशी, मोबाइलवर बघून. गुरू नाही, क्लासची फी नाही.

दुसरी करमणूक चौकातली. दहीहंडीला स्टेज उभं राहतं, मोठा पडदा लागतो, नाचायला बायका बोलावल्या जातात. खाली हात वर करून मोबाइल धरलेली शेकडो पोरं. हिचा भाऊ त्या गर्दीत असतो, ही घराच्या पायरीवरून बघते. ती नाच बघते आणि नाच बघणाऱ्यांनाही बघते. मला वाटतं, आपल्या शिबिरांत जे शिकवायला दोन दिवस लागतात, ते तिला त्या पायरीवर एका संध्याकाळी कळतं.

गौतमी पाटील हे नाव आपल्या बैठकीत निघालं की काहीजणी नाक मुरडतात. तिचा नाच आवडो न आवडो, त्यावर वाद जरूर घालू. पण २०२३ च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवा. ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून चित्रीकरण केलं आणि ते मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, राज्य महिला आयोगानेही दखल घेतली. त्या आठवड्यात वस्तीत मी जे ऐकलं ते असं : "असं नाचते म्हटल्यावर होणारच." हे बायकाही बोलत होत्या. फिरवणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं, कारण फिरवणारे घरातच होते.

हा न्याय आपल्याकडे जुना आहे. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००५ साली डान्सबार बंद केले तेव्हा स्त्रीसंघटनांमध्येच दोन तट पडले होते, हे इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींना ठाऊक आहे. ती बंदी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही.

आता आमच्या मुलीचं सांगते. गणपतीत एका मंडळाने वस्तीतल्या मुलींचे कार्यक्रम ठेवले. ही नऊवारी नेसून नाचली, टाळ्या मिळाल्या. दोन दिवसांनी तिचीच चित्रफीत फिरू लागली. स्टेजच्या अगदी खालून घेतलेली, हवं तेवढंच अंग मोठं करून दाखवलेली, वर एक घाणेरडं गाणं चढवलेलं. आईला ते कामाच्या ठिकाणी कळलं. वडिलांनी फोन काढून घेतला, कॉलेज बंद, स्थळं बघायची बोलणी सुरू. ती मला म्हणाली, "ताई, मी नाचले ते सगळ्यांसमोर. लपून काही केलं ते त्यांनी."

कायद्याचा विचार करताना हे तिचं वाक्य समोर ठेवा. १९८० च्या दशकात आपल्या चळवळीने सिनेमाच्या पोस्टरांना काळं फासलं. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा आला. तो कायदा विचारतो, चित्र असभ्य आहे का? २०१३ साली भारतीय दंड विधानात ३५४ क हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते ७७ वं कलम आहे. ते विचारतं, बाईची संमती होती का? त्यातलं एक स्पष्टीकरण वस्तीत जरूर वाचून दाखवा : चित्र काढायला बाईने होकार दिला असेल, पण ते इतरांना दाखवायला दिला नसेल, तर दाखवणं हा गुन्हा आहे. प्रियकराला फोटो पाठवला म्हणून धास्तावलेल्या कितीतरी मुली माझ्याकडे येतात. हे ऐकल्यावर त्यांची मान जरा वर होते.

पण हे कलम खाजगी क्षणापुरतं आहे. आमची मुलगी स्टेजवर होती, पूर्ण कपड्यांत होती. "यात नेमकं काय लावायचं?" असं चौकीवर विचारलं गेलं. विनयभंगाच्या हेतूने केलेल्या कृत्याचं ७९ वं कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं आहे; पण ते लावून घ्यायला आम्हाला तीन खेपा पडल्या. तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट : घाबरून चित्रफीत लगेच पुसू नका. आधी पडद्याचे फोटो, लिंक, तारीख-वेळ जपून ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते.

कॉलेज पुन्हा सुरू झालं, त्यासाठी वडिलांशी चार बैठका झाल्या. फोन अजून कपाटात आहे.

मंडळाचे कार्यकर्ते आता म्हणतात, पुढच्या वर्षी मुलींचे नाचच नकोत, भानगड नको. आम्ही सांगितलं, नाच होणार. स्टेजच्या पुढची जागा बायकांची आणि चित्रीकरण मंडळाच्या एकाच कॅमेऱ्यावर, तेही मुलींना दाखवून मग बाहेर. चित्रफीत बनवणारा त्याच मंडळाचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं नाव पोलिसांना द्यायला ते अजून तयार नाहीत. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. वस्तीतल्या पंधरा-वीस जणी येणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं.